तोंड बांधायचा हुकूम

आमच्या वन्संचा लष्करी गणवेश वर्षातला बहुतेक काळ माझ्या कपाटात असायचा. माझ्या लग्नातल्या शालीच्या शेजारी, कापराच्या वड्या घालून, जुन्या चादरीत गुंडाळलेला. कसर लागू नये म्हणून मधूनमधून त्याला ऊन दाखवायचं काम माझं. अंगणातल्या दोरीवर तो टांगला की येणारे-जाणारे विचारायचे, कोण आलंय घरी? मी म्हणायची, कोणी नाही, आमच्या वन्सं वाळत घातल्यात.

वन्सं म्हणजे यांची धाकटी बहीण. पेशाने डॉक्टर, आणि राखीव दलातल्या अधिकारी. राखीव म्हणजे काय हे मला लग्न होऊन आले तेव्हा ठाऊक नव्हतं. सासूबाईंनी समजावलं, "माळ्यावरच्या मोठ्या पातेल्यासारखं. रोज लागत नाही, पण घरात कार्य निघालं की पहिलं तेच खाली काढतात." पुढे इतके अधिकारी आमच्या घरी येऊन गेले, पण याहून नेमकं मला कोणी सांगितलं नाही.

घराच्या पुढच्या खोलीत वन्संचा दवाखाना होता. वर्षातून एकदा शिबिराचं बोलावणं यायचं, तेव्हा गणवेश चढवून त्या जायच्या आणि परत आल्या की पुन्हा पोरांच्या घशात चमचे घालायच्या. शिकून बाहेर पडल्या तेव्हा मोठ्या इस्पितळांनी त्यांना बाळंतपणाच्या खोलीकडे बोट दाखवलं होतं. त्यांना बघायचे होते छातीचे रोग. राखीव दलाला डॉक्टर हवे होते. बाई की बुवा हे बघत बसायला त्यांना सवड नव्हती. अशा त्या शिरल्या, आणि शिबिरागणिक हळूहळू वर चढत गेल्या. लग्न केलं नाही. सासूबाई म्हणायच्या, हिच्यासाठी स्थळं आली नाहीत तेवढ्या खांद्यावर चांदण्या आल्या. हे बोलताना त्यांचा आवाज कुरकुरीचा असायचा आणि डोळ्यांत मात्र कौतुक मावायचं नाही. त्या गेल्या त्याच्या पुढच्या वर्षी वन्सं कर्नल झाल्या.

वन्संची खरी दौलत म्हणजे त्यांचे कान. कॉलेजात सगळे त्यांना 'ससा' म्हणायचे. छातीला लावलेल्या मास्तरांच्या नळीला जे ऐकू यायचं नाही ते वन्संना ऐकू यायचं. पोराच्या पाठीवर नळी टेकवून त्या डोळे मिटायच्या, तेव्हा दवाखान्यातली माणसं आपोआप गप्प व्हायची. देवळात व्हावीत तशी. मला त्यांचं ते रूप फार आवडायचं. मी देवापुढे बसले की माझं मन धान्याच्या डब्यापासून धोब्यापर्यंत फिरून येतं. वन्सं मात्र एका श्वासावर बसायच्या त्या बसायच्याच. आणि घरात सांगायचं तर स्वयंपाकघरात दूध उतू जायच्या बेतात आलं की पुढच्या खोलीतून त्यांची हाक यायची, "वहिनी, दूध." मी चुलीशी उभी असून मला कळलेलं नसायचं.

मग लढाई सुरू झाली आणि बोलावणं आलं ते शिबिराचं नव्हतं.

पहिल्या वर्षात काय झालं ते त्यांनी फारसं सांगितलं नाही. एक गोष्ट मात्र सगळ्या गावाला कळली. रेल्वेच्या यार्डात त्या जखमींना गाडीत चढवून घेत होत्या आणि पलीकडच्या रुळावर दारूगोळ्याचा डबा पेटला. माणसं गेली. वन्संच्या अंगावर ओरखडासुद्धा उठला नाही. देवाने राखलं असं जो तो म्हणाला. मीही म्हटलं, आणि देवापुढे डोकं टेकलं ते कितीतरी वेळ उचललं नाही. राखलं हे खरंच आहे. पण राखताना काय काढून घेतलं ते मला कळायला वेळ लागला.

त्यानंतर त्यांची नेमणूक आमच्याच गावात झाली. मोठ्या शाळेचं इस्पितळ केलं होतं. वर्गावर्गांतून बाकं काढून खाटा टाकल्या होत्या. फळे भिंतीवर तसेच होते, त्यांवर आता खाटेचा नंबर आणि ताप लिहायचे. आघाडीवर जाणाऱ्या नव्या पलटणींमध्ये जो कोणी आजारी पडेल तो इथे यायचा. बरा झाला की पुढे रवाना. वन्सं इस्पितळाच्या प्रमुख. त्यांच्या हाताखाली एकच डॉक्टर, तोही मुळात दातांचा. सगळे त्याला दातांचा कॅप्टन म्हणायचे. बिचारा भला माणूस होता, रात्रंदिवस राबायचा, पण छातीवर नळी ठेवली की वन्संच्या तोंडाकडे बघायचा. एक्स-रेचं यंत्र होतं, फिल्म कधीच संपल्या होत्या. गावातल्या आम्ही काही बायका मदतीला जायचो. चादरी, टॉवेल आणि धुणं माझ्याकडे आलं.

आणि होते रवानगीचे मेजर. त्यांचं काम एकच, ट्रक भरायचे. किती माणसं पाठवली याचा हिशोब त्यांना वर द्यावा लागे, आणि त्या हिशोबात खोकला कुठे बसत नव्हता. सकाळी शाळेच्या फाटकात उभे राहून ते "चला, चला" करत. पोरांनी त्यांचं नावच चलाचला मेजर पाडलं होतं. ताप उतरला की माणूस तंदुरुस्त, असं त्यांचं वैद्यक. त्यांना अडवणारी एकच गोष्ट होती. मेजरपेक्षा कर्नल मोठा. वन्संनी 'छाती साफ' म्हणून सही केल्याशिवाय एकाही माणसाला खाटेवरून उठवता येत नव्हतं. ती शाळा विटांवर उभी नव्हती, वन्संच्या खांद्यांवरच्या चांदण्यांवर उभी होती.

एका सकाळी मी चादरींचा गठ्ठा बांधत होते. वन्सं स्वयंपाकघरात, चुलीकडे पाठ करून, उभ्याउभ्या चहा घेत होत्या. त्यांच्या हातभर अंतरावर दूध चढलं, कड गाठली, फुसफुसलं, उतू गेलं, आगीवर सांडून चर्र झालं. वन्सं खिडकीबाहेर बघत चहा पीत राहिल्या. जळका वास आला तेव्हा त्या वळल्या. मी दारात उभी होते. आम्ही दोघींनी एकमेकींकडे बघितलं, आणि त्यांनी पेला ओट्यावर ठेवला.

त्या म्हणाल्या, "दार लावून घे."

मग सांगितलं. स्फोटानंतर आधी शिट्टी वाजत राहिली, मग ती विझली आणि तिच्याबरोबर बाकीचंही विझलं. माणूस समोर असला की ओठांवरून कळायचं. माझं तर सगळंच कळायचं, कारण माझं तोंड त्या इतकी वर्षं बघत आल्या होत्या. छातीचं काय, म्हणून मी विचारलं. तर म्हणाल्या, नळी लावते, डोळे मिटते आणि बोटांवर काम चालवते. छातीवर बोट ठेवून दुसऱ्या बोटाने ठोकलं की आत पोकळ आहे की भरलेलं हे हाताला थोडंफार कळतं. श्वास मोजायचे, नखांचा रंग बघायचा, आणि माणसाला विचारायचं, कुठे टोचतंय का. तो सांगतो ते ओठांवर वाचायचं.

पण दरवर्षी तुमचीही तपासणी होते ना, असं मी म्हटलं. होते तर. प्रत्येक अधिकाऱ्याला लायक असल्याचा दाखला लागतो, आणि तो इस्पितळातल्या डॉक्टरने द्यायचा. इस्पितळातला डॉक्टर म्हणजे दातांचा कॅप्टन. त्याने वन्संच्याच टेबलावर, वन्संच्याच पेनने, 'श्रवण उत्तम' असं लिहून सही केली होती. कर्नलबाईंचे कान कोण तपासणार?

मी त्यांना हे काम सोडून द्या म्हटलं. हातापाया पडले म्हटलं तरी चालेल. त्यांनी ऐकून, म्हणजे बघून, घेतलं आणि एवढंच म्हणाल्या की मी गेले तर उद्या सकाळी शाळा मेजरच्या हातात जाईल, आणि परवा एकही खाट भरलेली राहणार नाही. मी चादरींचा गठ्ठा उचलला आणि दार उघडलं.

असं काही दिवस निभावलं. मग थंडी वाढली आणि छातीचा ताप पसरला. एका खाटेवरून दुसऱ्या खाटेवर जाऊ लागला; परिचारिका पडल्या, धुणं धुणारी एक बाई पडली. तेव्हा शाळेत हुकूम निघाला. आत येणाऱ्या प्रत्येकाने, रोगी असो की अधिकारी, नाकातोंडावर चौपदरी कापडाची पट्टी बांधायची. वॉर्डात ती उतरवायची नाही.

तो हुकूम वन्संनीच काढला. पट्ट्या मी शिवल्या. पहिला ढीग त्यांच्या टेबलावर ठेवला, स्वतःची पट्टी खाली ओढली आणि विचारलं, सगळ्यांची तोंडं झाकल्यावर तुम्ही काय करणार? त्या म्हणाल्या की आजार तोंडातून पसरतोय, तर तोंडं बांधायलाच हवीत. यात माझा संबंध कुठे आला?

पट्ट्या बांधल्याने ताप पसरायचा थोडा थांबला, हेही लिहायला हवं. हुकूम बरोबर होता.

दुसऱ्या वर्गातल्या खिडकीशी एक तरुण शिंपी होता. लढाईआधी त्याचं कोपऱ्यावर छोटं दुकान होतं. हात स्वस्थ बसेनात म्हणून तो माझ्या फाटक्या चादरी मागून घ्यायचा आणि खाटेवर बसून रफू करायचा. टाका असा की शोधून सापडू नये. मी म्हटलं, अरे, सरकारी चादर आहे, एवढी मेहनत कशाला? तो म्हणाला, काकी, चादर सरकारी असली तरी टाका माझा आहे. त्याचा ताप उतरला. त्याच्या गावची पोरं पुढच्या ट्रकने जाणार होती. वन्संनी त्याला तपासलं, सही केली. मी तेव्हा मागे धुण्याच्या हौदाशी होते. परत आले तर खाटेवर घडी घातलेली चादर होती आणि तो गेला होता.

वाटेतच, ट्रकमध्ये, तो गेला. न्यूमोनिया. वरून कागद आला त्यात लिहिलं होतं की सदर शिपाई आजार लपवून रवाना झाला.

त्याची आई शाळेत आली. लांबून आली असावी, पायातले बूट चिखलाने भरले होते. ओसरीतल्या बाकावर ती बसली आणि कोणी काही विचारायच्या आत स्वतःच सांगू लागली. लहानपणापासून तो खोटं बोलायचा नाही. गिऱ्हाइकाचं कापड उरलं तर चिंधीसुद्धा परत करायचा. मग त्याने आजार का लपवला असेल? भांडायला ती आली नव्हती, तिला तेवढंच समजून घ्यायचं होतं.

मी तिला पाणी आणायला आत गेले, तर शिंप्याच्या शेजारच्या खाटेवरच्या गवंड्याने माझा पदर धरावा तशी बाही धरली. हलक्या आवाजात म्हणाला, "त्याने लपवलं नाही, काकी. माझ्यासमोर सांगितलं त्याने. पाठीत टोचतंय, बाई, श्वास घेतला की टोचतंय म्हणाला. बाईंनी त्याचा खांदा थोपटला अन् 'शाब्बास' म्हणाल्या." पुढे म्हणाला, आम्हाला वाटलं, बाईसुद्धा आता मेजरच्या झाल्या.

मी वन्संच्या खोलीत गेले. पट्टी खाली ओढली. माझे ओठ थरथरत होते, आणि मला भीती वाटली की थरथरत्या ओठांवरचं त्यांना वाचता येणार नाही.

"वन्सं, शिंप्याने सांगितलं होतं तुम्हाला. टोचतंय म्हणून सांगितलं होतं."

त्यांनी हातातलं पेन खाली ठेवलं. मग विचारलं, "मी काय म्हटलं?"

"शाब्बास म्हणालात."

त्या खुर्चीत बसल्या. म्हणाल्या, डोळे हसरे होते त्याचे. नुसते डोळेच दिसत होते. मला वाटलं, मी बरा आहे असं म्हणतोय.

ओसरीत त्याची आई बसली होती. वन्सं उठून तिच्याकडे गेल्या, शेजारी बसल्या, तिचा हात हातात घेतला. मी दारातून बघत होते. सांगायला त्यांचं तोंड उघडलं होतं. तेवढ्यात फाटकातून मेजर आत आले, आणि वन्संचं तोंड मिटलं. त्या म्हातारीने मात्र, कर्नलबाई स्वतः येऊन हात धरतात म्हणून, त्यांनाच आशीर्वाद दिला आणि ती गेली. तो आशीर्वाद वन्संना ऐकू आला नाही. पण म्हातारीच्या तोंडावर पट्टी नसल्यामुळे तो त्यांना दिसला.

त्या दिवसापासून वन्संनी एकाही माणसाला 'छाती साफ' दिलं नाही. ऐकू येत नाही तर सगळ्यांच्याच छातीत खरखर आहे, असं धरायचं. नळी लावायची, डोळे मिटायचे, मान हलवायची. राहू दे अजून. धट्टीकट्टी पोरं अंगणात चेंडू खेळायची आणि फळ्यावर त्यांच्या नंबरापुढे 'राहू दे'. गावात विनोद सुरू झाला की या शाळेत पूर्वी सगळे पास व्हायचे, आता सगळे नापास. हे ऑफिसातून तो विनोद ऐकून आले आणि हसत हसत मला सांगू लागले. माझं तोंड बघून त्यांचं हसू गेलं. यांना मी तोवर काही सांगितलं नव्हतं. तेव्हा सांगितलं. हे म्हणाले, लहानपणी मी तिच्या कानात कागदाच्या पुंगळीतून गुपितं सांगायचो.

आघाडीवर माणसं कमी पडत होती. जी पोरं इथे खेळत होती त्यांच्या जागी दुसऱ्या कोणाची तरी पोरं दोन-दोन पाळ्या करत होती. हे वन्संना दिसत नव्हतं असं नाही. त्यांचं जेवण सुटलं. मी देवापुढे बसायची आणि काय मागावं हेच कळायचं नाही. कान मागावेत तर ते आता यायचे नव्हते. लढाई संपू दे म्हणावं तर सगळेच ते मागत होते, देव तरी कोणाकोणाचं ऐकणार. शेवटी मी नुसतं म्हणायची, तुला ऐकू येतंय ना? तेवढं असू दे.

मेजरांनी वर कळवलं. कर्नलबाई कामचुकारांना लपवतात, असा ठपका होता. हा ठपका लढाईत साधा नसतो. चौकशीला जे अधिकारी आले ते ब्रिगेडियर, आणि डॉक्टरच, वन्संच्याच वर्गातले. एका बाकावर बसून शिकलेले. वन्सं त्यांना पाहून जराशा सैल झाल्या. मी मात्र धास्तावले, कारण जुन्या माणसांना आपलं पूर्वीचं माप माहीत असतं.

ब्रिगेडियर गोरेगोमटे, सावकाश बोलणारे गृहस्थ होते. त्यांनी पट्टी बांधली आणि खाटेखाटेपाशी जाऊन स्वतः नळी लावली. वन्सं बरोबर, मेजर मागे, दातांचा कॅप्टन त्यांच्याही मागे, आणि मी चादरी बदलायच्या निमित्ताने वर्गातच. बरीचशी पोरं बरी होती. ब्रिगेडियर पुढे सरकत गेले. एका पोराच्या छातीवर मात्र ते थांबले. पुन्हा ऐकलं, आणि फळ्यावर त्याच्या नंबरापुढे बघितलं. तिथे 'राहू दे', आणि बऱ्या असलेल्या पोराच्या नंबरापुढेही 'राहू दे'. ते वन्संना काही विचारत होते. पट्टीमागून. वन्सं मान हलवत होत्या, होय अशी, सगळ्यालाच.

मग वन्सं खिडकीशी, शिंप्याच्या रिकाम्या खाटेपाशी, पाठमोऱ्या उभ्या राहिल्या. ब्रिगेडियर त्यांच्या मागे गेले. मला वाटलं खांद्यावर हात ठेवतील. त्यांनी हात ठेवला नाही. रोजच्या बोलण्याच्या आवाजात, जरासं हसत, त्यांनी हाक मारली, "ए ससा."

सबंध वर्गाला ऐकू गेली ती हाक. गवंडी उठून बसला. वन्सं खिडकीबाहेर बघत राहिल्या.

ब्रिगेडियरांनी माझ्याकडे बघितलं. माझ्या डोळ्यांत जे असेल ते त्यांनी वाचलं असावं. ते पुढे गेले, वन्संच्या समोर उभे राहिले आणि आपली पट्टी खाली ओढली. वॉर्डात ती उतरवायची नाही हा हुकूम मोडणारे ते पहिलेच.

"कधीपासून?"

"यार्डापासून," वन्सं म्हणाल्या.

पुढचं बोलणं त्यांच्या खोलीत झालं. मला वन्संनी थांबवून घेतलं होतं, पट्टी खाली करून, काही सुटलं तर सांगायला. ब्रिगेडियरांनी वाट काढली होती. वय झालं, थकल्या, एवढं लिहायचं. मानाने निवृत्ती. कामचुकारांचा ठपका आपोआप गळून पडेल, आणि कोणी मागचं उकरणार नाही.

वन्संनी नको म्हटलं. बहिरेपण लिहा म्हणाल्या, आणि यार्डातल्या स्फोटाच्या तारखेपासून लिहा. ब्रिगेडियरांनी त्यांना समजावलं की त्या तारखेपासून लिहिलं तर नंतरची प्रत्येक सही खोटी ठरते, आणि लष्कर ते सोडत नाही. वन्सं म्हणाल्या, तेच तर हवंय. माझी एक सही खोटी ठरायला हवी. शिंप्याने आजार लपवला नव्हता, त्याने सांगितलं होतं, ज्याला सांगितलं तो अधिकारी बहिरा होता, असं त्याच्या कागदावर यायला हवं.

"ससा, तू जाशील यात," ब्रिगेडियर म्हणाले.

"मी गेलेलीच आहे. तू मला नीट तपास. आजवर कोणी तपासलं नाही."

त्यांनी तपासलं. कंपन करणारा लोखंडी चिमटा कानाशी धरला, कपाळाला लावला, मागे उभं राहून पुटपुटले, टाळी वाजवली. वन्सं शहाण्या मुलासारख्या बसून राहिल्या. मग त्यांनी लिहिलं. ते लिहीत असताना त्यांचे डोळे भरले होते, पण त्यांनी एक शब्दही गाळला नाही.

वन्संनी एक मागितलं. शाळा दातांच्या कॅप्टनकडे द्या. ब्रिगेडियर म्हणाले ते माझ्या हातात नाही. कॅप्टन मेजरच्या खालचा. नियमाने शाळा मेजरकडे जाते. जी पोरं खरी आजारी आढळली त्यांची नावं मात्र मी लिहून जातो, म्हणाले. लिहून गेलेही. पण त्यांनी अर्धी शाळासुद्धा बघितली नव्हती, आणि त्यांची गाडी वाट बघत होती.

दुसऱ्या सकाळी फाटकाबाहेर ट्रकांची रांग लागली. घरातून निघताना वन्संनी गणवेश घातला नव्हता. करडा स्वेटर आणि दवाखान्यातला जुना कोट. मला वाटलं, त्या नुसतं निरोप द्यायला चालल्यात.

पोरं रांगेने बाहेर पडत होती, पाठीवर सामान, तोंडावर पट्ट्या. माझ्या हातच्या. वन्सं फाटकात जाऊन उभ्या राहिल्या, पहिल्या पोराच्या समोर. म्हणाल्या, "तोंड सोड, बाळ. मला ऐकू येत नाही. सांग, कुठे टोचतंय का?"

पोरगा गोंधळला. मग त्याने पट्टी खाली ओढली आणि नाही म्हणाला. वन्संनी त्याच्या ओठांकडे बघितलं, गाल थोपटला, त्याला जाऊ दिलं. मग पुढचा. मग त्याच्या पुढचा. कोणी नाही म्हणालं, कोणी घरच्यांना कळवा म्हणालं, एकाने तर गंमत केली, मला दात दुखतोय, कॅप्टनला सांगा. सगळ्यांची तोंडं त्या शेवटपर्यंत बघत होत्या. रांग मंदावली. मेजर मागून ओरडत आले. चला, चला. कोणाच्या परवानगीने? बाजूला व्हा. त्यांचा आवाज रस्त्यापलीकडे जात होता. वन्सं पाठमोऱ्या, शांतपणे पुढच्या पोराला तोंड सोडायला सांगत होत्या.

मेजर वळसा घालून समोर आले आणि त्यांच्या तोंडासमोर हात नाचवत ओरडू लागले. पण मेजरांच्या तोंडावर पट्टी होती.

वन्सं म्हणाल्या, "मला ऐकू येत नाही, मेजर. काल लेखी झालंय."

रांगेत कोणीतरी हसलं. मग बरेच हसले. मेजरांचा हात पट्टीकडे गेला आणि तिथेच थांबला. तापातून उठलेल्या एवढ्या पोरांच्या उघड्या तोंडांपुढे आपलं नाक उघडं करायचा त्यांना धीर होईना. त्यांनी ट्रकच्या बॉनेटवर हात आपटला.

बरीच पोरं गेली. वन्संनी त्यांना अडवलं नाही, अडवण्याइतक्या त्या आता कोणी नव्हत्या. रांगेच्या शेवटाकडे एक उंच, अशक्त पोरगा होता. ब्रिगेडियर त्याच्या वर्गापर्यंत पोचलेच नव्हते. त्याने पट्टी ओढली, मेजरकडे एकदा बघितलं, आणि ओठ हलवले. आवाज काढला नसावा, कारण मी शेजारी असून मला काही ऐकू आलं नाही.

वन्संना ऐकू आलं. त्यांनी त्याच्या पाठीवरचं सामान उतरवून माझ्या हातात दिलं, त्याचा दंड धरला आणि त्याला घेऊन शाळेकडे चालू लागल्या. मागून मेजर हुकूम सोडत होते, नाव घेऊन, हुद्दा घेऊन, कोर्टाची धमकी देऊन. पोरगा घाबरून मागे वळायला बघायचा. वन्सं एकदाही वळल्या नाहीत. दारात दातांचा कॅप्टन उभा होता. त्याने दोघांना आत घेतलं आणि मेजरच्या तोंडावर, पहिल्यांदाच, दार लावलं.